डाव्या बाजूचा सात

मुर्रीच्या आमच्या घरात सध्या एक अंतराळयान आहे. ‘स्टार ट्रेक’मधलं एंटरप्राइज. पोलर लाइट्सचं १:३५० प्रमाणातलं किट, जोडून झालं की लांबी साधारण ८२ सेंटिमीटर. खोकं उघडलं तेव्हा आईनं आत डोकावून विचारलं, “एवढे पैसे घेऊन तुटलेलंच पाठवलं काय?”

जोडणीबद्दल फार सांगत नाही. सुटे भाग कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचं, फटी भरायच्या, पुन्हा घासायचं. दोन महिने गेले. रंगसुद्धा निभावला. खरी परीक्षा डिकल्सची.

डिकल म्हणजे स्टिकर नव्हे. कागदावर डिंकाचा थर असतो आणि त्यावर छापलेली अतिशय पातळ फिल्म. तुकडा कापून अर्धा मिनिट पाण्यात भिजवायचा, फिल्म सुटली की ओल्या ब्रशनं सरकवत जागेवर आणायची. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत हवा. खरखरीत असला तर फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग दिसतो, म्हणजे चोरी पकडली गेली. वरून एक द्रावण लावतात, त्यानं फिल्म मऊ होते. आधी ती अशी सुरकुतते की छातीत धस्स होतं. तेव्हा हात लावायचा नाही. ती आपली आपण बसते, आणि रंगानंच लिहिल्यासारखी दिसते.

माझे बाबा पेंटर. गोंदियात राइस मिलच्या भिंती, दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाठी, एमएच-३५च्या नंबर प्लेटा, हे सगळं त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं हातानं लिहिलं. आधी रेडियम आलं, मग फ्लेक्स. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच लागून येऊ लागली, आणि उरलंसुरलं कामही गेलं. आता ते चौसष्ट वर्षांचे आहेत. उजवा हात थोडा थरथरतो.

मी पाण्याची वाटी घेऊन बसलो की ते बाजूला खुर्ची ओढून बसायचे. आधी काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी म्हणाले, “हे अक्षर तर तुझं नाही ना, बाबू.”

“सगळ्यांचंच असं असतं बाबा. किटमध्येच येतं.”

“तसं नाही म्हणत मी.”

विषय बदलायला मी त्यांना एंटरप्राइजच्या नंबराची गोष्ट सांगितली. १९६६च्या मूळ मालिकेसाठी हे यान मॅट जेफरीज यांनी रेखाटलं. ते स्वतः वैमानिक, त्यामुळे एनसीसी ही अक्षरं विमानांच्या नोंदणीवरून सुचलेली. आकडा निवडताना त्यांनी ३, ६, ८ आणि ९ टाळले, कारण इंग्रजीतले हे आकडे लांबून एकमेकांसारखे दिसतात. म्हणून १७०१. बाबा एकदम खूश झाले. “म्हणजे बोर्ड लिहिणारा माणूस होता तो!” मग बराच वेळ, बिरसीच्या विमानतळावरून उडणाऱ्या शिकाऊ विमानांवरचे व्हीटी कोण लिहीत असेल, यावर चर्चा झाली.

पण त्यांचं ‘तसं नाही म्हणत मी’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक नाही असं मी नऊ वर्षं समजत होतो.

बारावीनंतर मी एका फ्लेक्सच्या दुकानात कोरलवर डिझाइन करायचो. एक किराणा दुकानदार आला. त्याच्या दुकानाचा बोर्ड बाबांनी लिहिलेला, पत्रा गंजत आलेला. त्याला फ्लेक्स हवा होता, पण अक्षर तेच, कारण गिऱ्हाइकाची नजर त्याच अक्षरावर बसली होती. मी बोर्डाचा फोटो काढला, एकेक अक्षर ट्रेस केलं, सावली वेगळ्या थरावर घेतली. बाबांच्या ‘र’ला किंचित पोट असतं, तेही अचूक उतरलं. कोपऱ्यात त्यांचं बारीक नाव होतं, पेंटर लिहितात तसं. ते मी काढून टाकलं. डिझाइनमध्ये गिचमिड वाटत होतं. मला दीडशे रुपये मिळाले. बाबांना मी सांगितलं नाही.

ही चोरी होती का? मी स्वतःचा वकील होऊन पुष्कळ बोललो आहे. ‘र’ कुणाच्या मालकीचा नसतो. बाबांना त्या बोर्डाचे पैसे पूर्वीच मिळाले होते. मी ट्रेस केलं नसतं तर तिथं संगणकातला एखादा ठोकळा फॉन्ट आला असता. उलट मी अक्षर वाचवलं. यातलं काहीच खोटं नाही. पण दिल्लीच्या हनीफ कुरेशींच्या ‘हँडपेंटेड टाइप’ प्रकल्पाबद्दल वाचलं तेव्हा माझी वकिली लंगडी पडली. त्यांनीही रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं संगणकावर आणली. तंत्र बघायला गेलं तर माझ्याहून वेगळं काय? पण त्यांच्या फॉन्टला पेंटरचं नाव असतं. तेच नाव मी गिचमिड म्हणून पुसलं होतं. डिकल चिकटवताना मी कुणालाही फसवत नाही, हे अक्षर छापील आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो फ्लेक्स मात्र बाबांच्या हातचा वाटावा म्हणूनच केलेला होता, आणि त्यातून बाबाच गायब होते.

मग श्रावणात, बाहेर रोवणी आटोपत आली असताना, डाव्या इंजिनावरच्या नंबराची पट्टी सरकवताना दुमडली. सोडवायला गेलो आणि सात फाटला. किटमध्ये जादा पट्टी नव्हती.

बाबा उठले, पेटीतून सगळ्यात बारीक ब्रश काढला, टेकायची काठी काढली. मनगट काठीवर टेकवून श्वास धरायचे आणि तेवढ्यात एक रेघ ओढायचे. एका साताला चाळीस मिनिटं लागली. मधेच, वर न बघता म्हणाले, “त्या किराण्याच्या फ्लेक्सातला ‘र’ तूच केला होता ना?”

मी हो म्हटलं.

“शॅडो उलट्या बाजूनं टाकली होती. दुकान पूर्वेला तोंड करून आहे.”

एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “हलवू नको, टेबल हलते.”

हा सात शेजारच्या एकाहून जाड आहे, आणि जवळून पाहिलं तर खालचं टोक थरथरलेलं दिसतं. मालिकेच्या चित्रीकरणासाठी केलेल्या अकरा फुटी मॉडेलचीही डावी बाजूच अपुरी होती. दिव्यांच्या वायरी तिकडून आत जायच्या, म्हणून कॅमेरा कायम उजवीकडे. यान उलट दिशेला जाताना दाखवायचं झालं तर आकडे उलटे चिकटवून फिल्म पलटवत. ते मॉडेल आज वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. २०१६मध्ये त्याचं नूतनीकरण झालं, तरी बशीच्या माथ्यावरचा साठच्या दशकातला मूळ रंग तसाच ठेवला आहे.

मी बाबांना म्हटलं, बुडाला कुठंतरी नाव लिहा. ते म्हणाले, एका आकड्याचं काय नाव लिहायचं.

यान आता पुढच्या खोलीत कपाटावर आहे. डावी बाजू दाराकडे येईल असं मी ठेवतो. बाबा सकाळी धूळ पुसतात आणि ती भिंतीकडे वळवून ठेवतात. संध्याकाळी मी परत फिरवतो.