तज्ज्ञाची साक्ष कोणासाठी?

सामान्य साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे; अभियंत्याला मात्र न्यायालय त्याचे मत विचारते. इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यातले वेल्स बंदर गाळाने भरले ते एका बांधामुळे काय, या वादात १७८२ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जॉन स्मीटन यांचे मत पुरावा म्हणून ग्राह्य ठरविले. स्मीटन यांना बोलाविले होते ते बांधाच्या मालकाने! पेच येथेच आहे. शुल्क पक्षकार देतो, शपथ न्यायालयापुढे घ्यावयाची. उघड खोटे बोलणारा अभियंता विरळा. पण पक्षकाराला अडचणीचा ठरणारा मातीचा एखादा नमुना अहवालातून हळूच गळतो, आणि उलटतपासणीत त्याविषयी विचारण्याचे कोणाला सुचतही नाही. ‘मला कोणी विचारले नाही,’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपणास वाटते काय?