आरोपी नसलेलं दुःख

७ मार्च २०२५ला बॉस्टन ब्रुइन्सनं आपला कॅप्टन ब्रॅड मार्शांड फ्लोरिडा पँथर्सला देऊन टाकला. 'देऊन टाकला' हे मी मुद्दाम म्हणतोय. अमेरिका आणि कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, करार चालू असतानाही खेळाडूची अशी देवाणघेवाण होते. हंगामाच्या शेवटाकडे त्यासाठी एक मुदत ठरलेली असते, आणि मार्शांडची बातमी त्याच दिवशी आली. त्याच्या बदल्यात बॉस्टनला दुसरा खेळाडूही मिळाला नाही. पुढच्या एका ड्राफ्टमध्ये कुणीतरी पोरगा निवडण्याचा हक्क मिळाला, बस.

आइस हॉकी कधीच न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. मार्शांडला ब्रुइन्सनं २००६च्या ड्राफ्टमध्ये ७१व्या क्रमांकावर निवडलं. उंची बेताची, तोंड फटकळ, प्रतिस्पर्ध्याला डिवचण्यात पटाईत. २०११मध्ये ब्रुइन्सनं स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा तो अगदी नवखा होता. पुढे त्या संघातले एकेक जण निवृत्त झाले, दुसरीकडे गेले. २०२३मध्ये तो कॅप्टन झाला, आणि बदलीच्या दिवशी २०११च्या संघातला तोच एक उरला होता. हजाराहून जास्त सामने, सगळे एकाच जर्सीत.

आणि तो गेला कुणाकडे? २०२३मध्ये ब्रुइन्सनं एका हंगामात ६५ सामने जिंकायचा विक्रम केला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ३-१ अशी आघाडी घेतली आणि तिथून मालिका हरले. हरवलं पँथर्सनं. २०२४मध्ये पुन्हा पँथर्स समोर आले. त्या मालिकेत सॅम बेनेटशी झालेल्या टकरीत मार्शांड जखमी झाला, दोन सामने बाहेर बसला, आणि पँथर्सनं पुन्हा आम्हाला घरी पाठवलं. वर्षभरानं तोच मार्शांड त्याच बेनेटचा सहकारी झाला. जून २०२५मध्ये पँथर्सनं एडमंटनला हरवून कप जिंकला, आणि अंतिम मालिकेत मार्शांडनं सहा गोल केले.

मी सांगलीचा. २०२१मध्ये एमएस करायला बॉस्टनला आलो आणि रूममेट्सच्या नादानं हॉकी बघायला लागलो. त्या आधी बर्फावरची हॉकी मी फक्त सिनेमात पाहिली होती. तरीही मार्शांडच्या हातात तो कप बघताना पोटात जे कालवलं, ते खरं होतं. आनंद होता, मत्सर होता, आणि फसवलं गेल्यासारखंही वाटत होतं. त्यातल्या तिसऱ्या भावनेबद्दल मला बोलायचं आहे. कुणी फसवलं? फसवायला आधी काहीतरी वचन लागतं. ते कुणी कुणाला दिलं होतं?

यावर पहिलं उत्तर तयारच असतं: 'अरे, धंदा आहे. तो प्रोफेशनल आहे.' आमच्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत तर हे उत्तर जन्मापासून पाठ असतं. आमच्यापैकी कुणी प्रतिस्पर्धी कंपनीत गेला की केक कापतात, लिंक्डइनवर टाळ्या पडतात, आणि नवीन पगार किती याचा कानोसा घेतला जातो. कुणी त्याचा फोटो जाळत नाही. मग मार्शांडनंच काय पाप केलं?

हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. माझा सहकारी कंपनी सोडून जातो तेव्हा माझ्याकडेही तोच पर्याय असतो. उद्या मीही जाऊ शकतो. चाहत्याचं तसं नाही. या सगळ्या यंत्रणेत मालक संघ विकू शकतो, कोचला काढलं जातं, खेळाडूची बदली होते. बदली होत नाही ती फक्त चाहत्याची. कागदावर त्याला कुणी अडवलेलं नाही. पण उद्यापासून मी पँथर्सचा, असं म्हणणाऱ्याला आपण चाहता म्हणतच नाही. न जाणं ही त्याची व्याख्याच आहे.

म्हणून पंधरा वर्षं एकाच संघात राहिलेला खेळाडू आपल्याला वेगळा वाटतो. बाकीचे येतात-जातात, हा राहतो. म्हणजे हा आपल्यातलाच, अशी आपली समजूत होते. तो जातो तेव्हा एक चांगला खेळाडू जातो, शिवाय ही समजूतही मोडते. तो कितीही जीव तोडून खेळला तरी त्याचं नातं करारानं बांधलेलं होतं आणि आपलं नव्हतं. हे कळणं फार एकटं करणारं असतं.

दुसरं उत्तर रागाचं. गद्दार. हा शब्द महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत इतका वापरला गेलाय की त्याची धारच गेली आहे. पण राजकारणातल्या पक्षांतराशी तुलना केली तर एक फरक लगेच दिसतो. नेता अमुक चिन्हावर, अमुक बाजूनं लढेन असं सांगून मत मागतो. तिथे वचन आहे, देवाणघेवाण आहे, म्हणून जाब विचारायचा हक्कही आहे. मार्शांडनं माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मी त्याला जीव लावला तो माझ्या मर्जीनं, त्याला न विचारता. न मागता दिलेल्या प्रेमाची वसुली करता येत नाही. हे एकतर्फी प्रेमात पडलेल्या कुणालाही माहीत असतं, मानवत नसलं तरी.

'पण मार्शांडला क्लबनंच पाठवलं, स्वतःहून गेलेल्यांचं काय?' असं तुम्ही म्हणाल. तीही उदाहरणं आहेत.

डॅनियल आल्फ्रेडसन हा स्वीडनचा खेळाडू १७ हंगाम ओटावा सेनेटर्ससाठी खेळला. १९९९पासून कॅप्टन. त्याचा नंबर ११, म्हणून प्रत्येक सत्रात घड्याळात ११ मिनिटं ११ सेकंद झाले की अख्खं स्टेडियम 'आल्फी, आल्फी' असं ओरडायचं. जुलै २०१३मध्ये, चाळिशीत, तो डेट्रॉइट रेड विंग्जकडे गेला. त्याच वर्षी लीगची फेररचना होऊन डेट्रॉइट ओटावाच्याच गटात आलं होतं, म्हणजे थेट स्पर्धक. ओटावाच्या लोकांना धक्काच बसला. नंतर क्लबबरोबरच्या पैशाच्या वाटाघाटी कशा फिसकटल्या ते बाहेर आलं, पण तोवर बरेच जण बोलून चुकले होते.

यारोमिर यागरचं प्रकरण त्याहून तिखट. पिट्सबर्ग पेंग्विन्सबरोबर त्यानं १९९१ आणि १९९२चे कप जिंकले. नंतर तो इतर संघांत गेला, रशियात खेळला. २०११मध्ये तो एनएचएलमध्ये परत येणार म्हटल्यावर पिट्सबर्ग आस लावून बसलं. क्लबनं प्रस्तावही दिला होता. तो गेला फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे. त्याच राज्यातला दुसरा संघ, पेंग्विन्सचा हाडवैरी. डिसेंबर २०११मध्ये तो फ्लायर्सकडून पिट्सबर्गला खेळायला आला तेव्हा त्याची जोरदार हुर्यो उडवली गेली. त्यानं गोल केला आणि आपला जुना सलाम ठोकला.

मार्शांड, आल्फ्रेडसन, यागर. एकाला क्लबनं पाठवलं, दुसरा बिनसल्यावर गेला, तिसऱ्यानं सरळ वैऱ्याचं घर निवडलं. चाहत्यांचा राग याच क्रमानं वाढत जातो. मार्शांडवर बॉस्टन फारसं चिडलं नाही, कारण 'त्याची काय चूक?' हे वाक्य हाताशी होतं. पण गंमत बघा. त्याच उन्हाळ्यात करार संपल्यावर तो मोकळा झाला असता, आणि त्यानं पँथर्सबरोबरच सहा वर्षांचा नवा करार केला. मार्चमध्ये त्याला पाठवलं होतं, उन्हाळ्यात तो स्वतःहून राहिला. तरी राग वाढला नाही. म्हणजे आपण हिशोब नीतीचा करतोय असं म्हणतो खरं, पण तो बऱ्यापैकी सोयीचा असतो.

या हिशोबात एक नाव सतत सुटतं, ते क्लबचं. २०२४च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन म्हणून परतला आणि वानखेडेवर, स्वतःच्याच मैदानावर, त्याची हुर्यो उडाली. रोहित शर्माऐवजी त्याला कॅप्टन करायचा निर्णय मैदानात झाला नव्हता, तो ऑफिसात झाला होता. पण ऑफिस स्टँडमधून दिसत नाही. दिसतो तो टॉसला आलेला माणूस.

बॉस्टननं केलेल्या सौद्यातली एक अट वाचली तेव्हा मला हे जास्त जाणवलं. पँथर्सनं प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि मार्शांड त्यातले निम्मे सामने तरी खेळला, तर बॉस्टनला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीऐवजी पहिल्या फेरीतली निवड मिळणार होती. म्हणजे ज्या विजयानं माझ्यासारख्याच्या पोटात कालवाकालव होणार, त्याच विजयात माझ्या क्लबचा फायदा आधीच लिहून ठेवला होता. यात बेकायदेशीर काही नाही. मॅनेजरनं आपलं काम चोख केलं. पण हाच क्लब जर्सी, तिकिटं, जुने व्हिडिओ विकताना मला 'कुटुंब' म्हणत होता. आपलेपणाचं वचन दिलं होतं ते त्यानं. बिल मात्र आपण खेळाडूच्या नावानं फाडतो, कारण प्रेम खेळाडूवर केलेलं असतं आणि क्लबवर रागवायची सवय नसते. क्लबवर रागवायचं तर स्वतःचाच पत्ता खोडावा लागेल.

आणखी एक गोष्ट मला मार्शांडनं न सांगता शिकवली. २०१८मध्ये त्यानं प्रतिस्पर्धी खेळाडूचा चेहरा चक्क चाटला होता, तेही एकदा नव्हे. आडदांडपणासाठी त्याच्यावर कितीदा तरी बंदी आली. बाकीच्या शहरांत त्याला उंदीर म्हणत. आम्ही हसून म्हणायचो, 'आहे जरा वांड, पण आपला आहे.' योगायोग असा, की पँथर्सचे चाहते जिंकल्यावर बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकतात. २०२५च्या प्लेऑफमध्ये नवे सहकारी विजयानंतर तेच उंदीर गमतीत मार्शांडवर मारायचे. तीच खोडी, तोच माणूस. त्याच्या वागण्याबद्दलचं माझं मत किती त्याच्याबद्दल होतं आणि किती जर्सीच्या रंगाबद्दल, हे तो रंग बदलल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

तर मग हे दुःख खोटं का? मुळीच नाही. मला वाटतं, आपली अडचण दुःखाची नसून आरोपीची आहे. वाईट वाटलं म्हणजे कुणीतरी वाईट केलं असणार, असं आपण धरून चालतो. आरोपी सापडला की दुःख सोपं होतं. त्याचा राग करता येतो, चारचौघांत ओरडता येतो. नुसतं दुःख घेऊन काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

मी देश सोडला त्या आठवड्यात आईनं भडंगाची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत भरली, वजन जास्त झालं म्हणून काढली आणि पुन्हा भरली. तिला वाईट वाटत होतं. पण मी तिच्याशी काही वाईट केलंय असं तिनं एकदाही सुचवलं नाही. अजून दर रविवारी फोनवर 'परत कधी येणार' असं विचारते. त्या प्रश्नात आरोप नसतो. मी चांगल्यासाठी आलो हेही तिला मान्य आहे, आणि घर रिकामं झालं हेही. ती दोन्ही वाक्यं एकमेकांना खोडू देत नाही.

चाहत्याला इतकं मोठं मन कुठून आणता येणार, असं वाटू शकतं. आईचं नातं वेगळं, मान्य. पण प्रकार तोच आहे: आपण ज्याला जीव लावला त्याचं आयुष्य आपल्या प्रेमापेक्षा मोठं असतं. ३६व्या वर्षी बदली झालेल्या माणसाला आणखी एक कप हवासा वाटला, आपली किंमत जाणणाऱ्या ठिकाणी राहावंसं वाटलं, यात माझं काही हिरावलं गेलेलं नाही. २०११चा कप बॉस्टनचाच आहे. तेव्हा तो इथे होता हे पुसता येत नाही.

म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या जर्सीत तो समोर आला की काय करायचं, याचं माझं उत्तर साधं आहे. आधी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मग बसायचं आणि तो हरावा म्हणून घसा फोडायचा. यात ढोंग नाही. टाळ्या झालेल्या गोष्टीसाठी असतात आणि ओरडणं आजच्या सामन्यासाठी. ओटावाच्या लोकांनी पुढे आल्फ्रेडसनला परत घेतलं. २०१४मध्ये एका दिवसाचा करार करून तो सेनेटर्सचा खेळाडू म्हणूनच निवृत्त झाला, आणि २०१६मध्ये त्याचा ११ नंबर छताला टांगला गेला. पिट्सबर्गला जास्त वेळ लागला. ज्या यागरची हुर्यो उडवली होती, त्याचा ६८ नंबर फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच शहरानं निवृत्त केला. तोवर तो ५२ वर्षांचा झाला होता. त्या टाळ्या आधीही वाजवता आल्या असत्या.