नकाराचा धनी कोण?

शहरात एखाद्याला घर नाकारले जाते तेव्हा त्या नकाराची जबाबदारी घेणारा माणूस सहसा सापडत नाही, आणि घराच्या व्यवहारातील भेदभावाचा नैतिक विचार करताना हीच बाब सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. घरमालक सांगतो की त्याची स्वतःची काही हरकत नाही, पण सोसायटीला चालत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात की कमिटीचे काही म्हणणे नाही, पण सभासद कुरकुर करतात. सभासद शेजाऱ्यांच्या भावनांकडे बोट दाखवतात. आणि दलाल पूर्ण नाव ऐकल्यानंतर, आवाजात किंचितही फरक न पडू देता, जागा कालच गेल्याचे कळवतो. मुस्लिम कुटुंब, दलित नोकरदार, एकटी राहणारी स्त्री, ईशान्येकडून शिकायला आलेला विद्यार्थी किंवा तृतीयपंथी व्यक्ती यांना दाराबाहेर ठेवण्याचे काम असे अनेक हातांनी मिळून होते आणि त्यातला एकही हात स्वतःला दोषी मानत नाही. जुन्या काळी विटाळ पाळणारा तो उघडपणे पाळत असे आणि त्यामुळे त्याच्याशी निदान वाद घालता येत असे; आजचा नकार सौम्य शब्दांत, दिलगिरीसह आणि दुसऱ्याच्या नावाने येतो, म्हणून त्याच्याशी वाद घालायलाही कोणी समोर उरत नाही.

घराचा नकार हा इतर नकारांसारखा नसतो, कारण घराबरोबर मुलांची शाळा, कामाच्या ठिकाणाचे अंतर, पाणी, दवाखाना आणि अधिकृत पत्ता या सगळ्या गोष्टी मिळतात किंवा हुकतात. शिवाय असे सुटे सुटे नकार साचत जातात आणि त्यांतून शहराचा नकाशा घडतो. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अमेरिकी अभ्यासक थॉमस शेलिंग यांनी 1971 मध्ये एका साध्या प्रतिमानाने, म्हणजे वास्तवाच्या सोप्या केलेल्या नमुन्याने, असे दाखवले की प्रत्येक रहिवाशाची आपल्यासारखे शेजारी असावेत ही आवड अगदी सौम्य असली तरी तिच्या बेरजेतून जवळजवळ पूर्ण विभागलेल्या वस्त्या तयार होऊ शकतात. शेलिंग यांच्या प्रतिमानात द्वेषाची गरजच नव्हती; मुंबईच्या परिसरात भीतीचीही भर पडली आणि 1992-93 च्या दंगलींनंतर असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे वळली. हे लोक आपापल्यातच राहतात असे जेव्हा पुढे सहज बोलले जाते, तेव्हा त्यांना अन्यत्र मिळालेल्या नकारांची बेरीज त्यांच्याच स्वभावाच्या खाती मांडली जाते.

भारतीय संविधानकर्त्यांना या प्रश्नाची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवसही जात उघड होताच संपले, आणि शिक्षण व अधिकारपद यांपैकी काहीही त्यांच्या उपयोगी पडले नाही. संविधानाच्या अनुच्छेद 15 मधील दुसरे कलम धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि मनोरंजनाची ठिकाणे यांत प्रवेश नाकारण्यास मनाई करते, आणि हे कलम केवळ शासनाला बांधत नाही, तर खाजगी व्यक्तीलाही बांधते. संविधानसभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी त्यावर चर्चा झाली तेव्हा दुकान या शब्दाचा अर्थ मोठा आहे, अटी मान्य असणाऱ्या कोणालाही देऊ केलेली सेवा त्यात येते, असे स्पष्टीकरण आंबेडकरांनी दिले होते. हा व्यापक अर्थ स्वीकारला, तर जाहिरात देऊन भाड्याने काढलेले घरही त्या कक्षेत यावे असा युक्तिवाद करता येतो. परंतु घर हा शब्द कलमात नाही, आणि त्या मोकळ्या जागेतूनच पुढची वाट फुटली.

ती वाट 2005 च्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या निकालाने ठळक केली. अहमदाबादमधील ही संस्था 1926 मध्ये नोंदली गेली होती आणि तिच्या उपविधीनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठी नोंदवलेल्या अंतर्गत नियमांनुसार, सभासदत्व फक्त पारशांना खुले होते. या अटीला आव्हान मिळाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने उपविधी वैध ठरवला. मूलभूत हक्क हे मुख्यतः शासनाविरुद्ध असतात, सहकारी संस्था म्हणजे शासन नव्हे, लोकांना आपापला संघ बनवण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि बदल हवा असेल तर तो विधिमंडळाने करावा, असा त्या निकालाचा रोख होता. हा युक्तिवाद उथळ नाही. संख्येने घटत चाललेल्या एखाद्या समाजाला आपली वस्ती, आपले विधी आणि आपली स्मृती टिकवावीशी वाटणे यात काही गैर नाही. परंतु अल्पसंख्य समाजाला आसरा म्हणून मिळालेली ढाल शहरातील सधन आणि बहुसंख्य गटांच्या हातात गेली की तिची भिंत होते, कारण ज्यांच्याकडे चांगल्या वस्तीतील बहुतेक घरे आहेत त्यांनी आपापल्यात राहण्याचे ठरवले, तर उरलेल्यांना निवड करायला काही शिल्लक राहत नाही. संघ बनवण्याचे स्वातंत्र्य दोघांना कागदावर सारखेच मिळते, त्याचे परिणाम मात्र सारखे नसतात.

महाराष्ट्रात या निकालाचा आधार घेण्याआधी इथला कायदा पाहणे उचित ठरते. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमामागे खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे, म्हणजे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता यावी. भाड्याच्या बाबतीत तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने नमुना म्हणून घालून दिलेल्या नियमांनुसार, सभासदाला सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची सूचना वेळेवर देणे पुरेसे असते. तरीही प्रत्यक्षात ना-हरकत दाखल्याचा आग्रह धरला जातो, होणाऱ्या भाडेकरूला कमिटीसमोर बोलावून त्याच्या घरी कोण येते-जाते आणि काय शिजते याची चौकशी होते, आणि घरमालकही ती निमूटपणे होऊ देतो, कारण नकाराचे ओझे परस्पर दुसऱ्याच्या खांद्यावर जात असेल तर ते त्यालाही सोयीचे असते.

या विषयावर संसदेला कधी शब्दच सापडले नाहीत, असेही नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरवतो. एचआयव्हीबाधितांसाठीच्या 2017 च्या कायद्याने आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याने मालमत्तेत राहण्याचा, ती विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारणे अथवा त्याबाबत अन्यायाने वागणे यांस स्पष्ट शब्दांत मनाई केली आहे. म्हणजे समन्याय्य गृहव्यवहाराचे सूत्र भारतीय कायद्यात लिहिलेले आहे. ते फक्त काही गटांपुरते लिहिले गेले आणि धर्म, आहार, भाषा, प्रांत किंवा वैवाहिक स्थिती यांवरून होणाऱ्या नकाराला लागू होईल असा एकसंध कायदा झाला नाही. केंद्राने 2021 मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा दिला, त्यात अनामत रकमेवर मर्यादा आली, परंतु भाडेकरू निवडताना भेदभाव करू नये असे सांगणारे कलम आले नाही. अनामत किती घ्यावी याची चिंता कायद्याने केली. अनामत देण्याची संधीच ज्याला मिळत नाही, त्याची चिंता बाकी राहिली.

नकाराला धनी मिळवून देण्याचा प्रयत्न कसा असू शकतो हे अमेरिकेच्या अनुभवावरून समजते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल 1968 रोजी हत्या झाली आणि त्यानंतर एका आठवड्याने, 11 एप्रिलला, तेथील समन्याय्य गृहकायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. आरंभी वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ हे आधार त्यात होते. 1974 मध्ये लिंग आणि 1988 मध्ये अपंगत्व व पदरी लहान मुले असणे हे आधार जोडले गेले. या कायद्याचे मर्म असे की तो मालकाच्या अंतःकरणात शिरून द्वेष शोधत बसत नाही, तर व्यवहारातील एकेक कृती वेगळी काढून तिच्यावर बोट ठेवतो: घर नाकारणे, वेगळ्या अटी लावणे, पसंती-नापसंती दर्शवणारी जाहिरात देणे, आणि जागा रिकामी असताना ती गेली असे सांगणे. दलाल, जाहिरातदार आणि कर्ज देणारी संस्था हे सगळे त्यामुळे आपापल्या कृतीपुरते उत्तरदायी ठरतात. चाचणी करणारे दोन सारखे ग्राहक, एक गोरा आणि एक काळा, एकाच ठिकाणी पाठवून मिळालेली उत्तरे ताडून पाहण्याची पद्धत तेथे रूढ झाली, आणि 1982 च्या हेवन्स प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की ज्याला खोटी माहिती दिली गेली, तो चाचणीसाठी आलेला असला आणि त्याला घर घ्यायचे नसले तरी दाद मागू शकतो. भारतातही याच धर्तीवर दिल्ली आणि लगतच्या शहरांत, वेगवेगळ्या समाजांची ओळख सांगणाऱ्या नावांनी घरे विचारून एक अभ्यास झाला, तो सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला, आणि दलित व मुस्लिम नावांना मिळणारा प्रतिसाद उच्चवर्णीय नावांहून वाईट असतो हे त्यातून समोर आले; फरक इतकाच की इथे तो निष्कर्ष न्यायालयात नेण्याचा रस्ता नाही. अमेरिकेतील वस्त्यांची विभागणी कायद्याने संपली असे नाही, परंतु जागा कालच गेली हे वाक्य तेथे दाव्याचा विषय होऊ शकते.

आपल्या घरात कोणी राहावे हे मालकाने ठरवू नये काय, हा आक्षेप इथे येतो आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या न्हाणीघराशेजारी कोणाला ठेवावे हा खाजगी आयुष्याचा भाग आहे, आणि अमेरिकी कायद्यानेही मालक स्वतः राहत असलेल्या, चारपर्यंत कुटुंबांच्या लहान इमारतीला आपल्या बऱ्याच कलमांतून सूट दिली. भेदभावाची जाहिरात देण्याची मुभा मात्र तिलाही ठेवली नाही. राहते घर वाटून घेणे आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका बाजारात काढणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या बाबतीत मालक मूलतः विक्रेता असतो. आहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे, पण तिथेही वर्तनाचा नियम आणि जन्माचा नियम वेगळे करता येतात. जिन्यात कचरा ठेवू नये, रात्री गोंगाट करू नये, हे वर्तनाचे नियम सर्वांना सारखे लागू होतात आणि मोडल्यावरच शिक्षा होते. आडनावावरून कोणी काय खाईल, कोणाला घरी आणेल आणि कसे वागेल हे आधीच ठरवून दार बंद करणे म्हणजे न घडलेल्या वर्तनाची शिक्षा जन्माला देणे होय.

मराठी समाजाला हा विषय परका नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेल्याचे पुढे आले तेव्हा राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. परंतु त्या संतापाचे तत्त्व कोणते, हे विचारणे प्रामाणिकपणाचे ठरते. जन्माने मिळालेल्या ओळखीवरून जागा नाकारू नये हे तत्त्व असेल, तर पुण्यात किंवा ठाण्यात मुस्लिम भाडेकरूला, बौद्ध कुटुंबाला किंवा बिहारमधून आलेल्या तरुणाला नाही म्हणणाऱ्या मराठी घरमालकालाही ते लागू होते. आणि मुंबईत मराठी माणसाला नकार नको एवढेच म्हणणे असेल, तर ते तत्त्व नसून बाजू आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी 1795 मध्ये न्यायाची एक कसोटी मांडली होती: दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेल्या ज्या कृतीमागचे सूत्र जाहीर करता येत नाही, ती कृती अन्याय्य असते. गृहनिर्माण संस्थांना ही कसोटी आजच, कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता लावता येते. एखाद्या भाडेकरूला किंवा खरेदीदाराला विरोध करायचा असेल, तर तो विरोध कोणी केला आणि का केला हे कमिटीने आपल्या इतिवृत्तात नावानिशी लिहावे आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी. घरमालकाने नाही म्हणायचे असेल तर स्वतःच्या तोंडाने, स्वतःचे कारण सांगून म्हणावे. बहुतेक नकार एवढ्यानेच गळून पडतील, कारण ते अजून लाजेला घाबरतात. काही मात्र उरतील, कारण काही माणसे असले कारण अभिमानानेही लिहून देतील. आणि अशा लेखी, सहीनिशी दिलेल्या नकाराचे काय करायचे हे सांगणारा कायदा करणे ही विधिमंडळाची जबाबदारी राहते, ती 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडे सोपवली तेव्हापासून तशीच पडून आहे.