मुलाच्या परीक्षेसाठी देवाला काय मागावे?

वाचक माउलींनो, फाल्गुन-चैत्र आला की एक शंका हमखास कानी येते. घरातले मूल बारावीला असते. कुणी नीटला बसलेले, कुणी सीईटीला, कुणी जेईईला. आई-वडील माळकरी असतात. ते विचारतात, ‘महाराज, पोराचा नंबर लागावा म्हणून पांडुरंगाला काय बोलू? किती एकादश्या धरू? की पायी वारी कबूल करू?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात धर्माचा मोठा विचार आहे. तो आज आपण उलगडून पाहू.

प्रथम या परीक्षेचे स्वरूप ध्यानात घ्या. आपल्या वेळची मॅट्रिक निराळी होती. पस्तीस गुण मिळाले की पास, आणि शेजारचा पास झाला म्हणून आपण नापास होत नसू. प्रवेश परीक्षेचे तसे नाही. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे वीसेक मुलांत एकाला जागा. येथे गुणांपेक्षा क्रमांकाला मोल. एक मूल वर चढले की दुसरे एक खाली उतरते.

आता सांगा, ‘देवा, माझ्या लेकराला वर घे’ असे म्हणताना आपण नकळत काय म्हणतो? ‘दुसऱ्या कुणाचे तरी लेकरू खाली उतरव.’ ते दुसरे लेकरू कुणाचे? कदाचित आपल्याच दिंडीत तुळस घेऊन चालणाऱ्या बाईचे. वाटेत आपण तिला माउली म्हणतो, तिच्या पायावर डोके ठेवतो, आणि राउळात जाऊन तिच्या मुलाची जागा मागतो. हे वारकऱ्याला शोभेल काय?

यावर कुणी शंका घेईल, ‘मग मुलाने अभ्यासही करू नये काय? अभ्यास करूनही तो दुसऱ्याच्या पुढेच जातो ना?’ शंका रास्त आहे. समाधान असे की, अभ्यासाने मुलाच्या ठिकाणी विद्या येते. उद्या खेड्यातली एखादी म्हातारी छातीत कळ येते म्हणून त्याच्यापुढे बसेल, तेव्हा ती विद्या तिच्या कामी येईल. ज्याला अधिक येते त्याच्या हाती रोग्याचा हात द्यावा, एवढ्यासाठी ही चाळणी. त्या चाळणीतून कष्टाने पार होणे हा स्वधर्म आहे. पण विद्या बाजूला ठेवून देवाच्या हाताने क्रमांक मागणे म्हणजे कर्मावाचून फळ मागणे. आणि पैसे देऊन प्रश्नपत्रिका मिळते का, असे जे चौकशी करत हिंडतात, ते तर रोग्याच्याच जिवाचा सौदा करतात. नवसाने क्रमांक मागणारा त्यांच्याइतका दोषी नाही, हे खरे. पण कष्टाच्या वाटेने न जाता मधल्या आडवाटेने पोचावे, ही इच्छा दोघांच्याही मनात असते. नवससायासांवर तुकोबारायांनी कोरडे ओढले आहेत, ते उगाच नव्हे. नवस हा देवाशी केलेला व्यवहार आहे, आणि व्यवहारात भक्ती उरत नाही.

दुसरी शंका आईची आहे, आणि ती पहिलीपेक्षा भारी आहे. ‘महाराज, तुमचे शास्त्र खरे. पण माझा जीव तुटतो त्याचे काय करू? देवाला नाही सांगायचे तर कुणाला सांगू?’ बाई, सांग ना, अवश्य सांग. नामदेवराय देवाशी भांडले, जनाबाईने त्याला जात्यावर दळायला बसवले. आपला देव परका नाही. सांगणे आणि सौदा करणे यांत मात्र अंतर आहे. मागायचेच असेल तर एक कसोटी लावून माग: जे मला मिळाल्याने दुसऱ्याच्या ताटातले कमी होत नाही, ते मागावे. कॉलेजच्या जागा मोजक्या आहेत. पण शांत झोप, स्थिर मन, निरोगी शरीर, वाचलेले वेळेवर आठवणे, आणि निकाल कसाही लागला तरी तो सोसण्याचे बळ, हे साऱ्या तेवीस लाख मुलांना मिळाले तरी देवाघरी उणे पडत नाही. ज्ञानोबारायांनी नऊ हजारांवर ओव्यांची सेवा केली आणि शेवटी पसायदान मागितले ते साऱ्या जगासाठी. आपल्या संप्रदायाला मागण्याची रीत त्यांनी तेथेच घालून दिली.

आता मागण्याकडून मदतीकडे वळू. कित्येक आई-वडील म्हणतात, ‘आम्हाला इंग्रजीतले ते फिजिक्स कुठे कळते? आम्ही काय मदत करणार?’ याचे उत्तर विटेवर उभे आहे. पुंडलिकाने वीट फेकली आणि ‘सेवा आटोपेपर्यंत थांबा’ म्हटले. देव थांबला. तो पुंडलिकाला ‘आटप लवकर’ म्हणाला नाही. ‘बाजूला हो, तुझ्याऐवजी मी पाय चुरतो’ असेही म्हणाला नाही. रागावून वैकुंठाला परतलाही नाही. कर कटावर ठेवून तो नुसता उभा राहिला. पुंडलिकाची मातृपितृभक्ती आपण सांगत आलो आहोत. आई-वडिलांनी या कथेतून देवाचे उभे राहणेही शिकावे. कटेवरचा हात ढकलत नाही आणि ओढतही नाही. पण मान वर केली की तो समोर दिसतो.

घरात असे उभे राहायचे म्हणजे काय? मूल पहाटे उठत असेल तर आपणही उठावे, चहा ठेवावा आणि आपला हरिपाठ हळू आवाजात म्हणावा. संध्याकाळी टीव्ही बंद ठेवावा. तो त्याच्यासाठी बंद केला हे दहा वेळा ऐकवू नये. झोप मोडून अभ्यास कर असे सांगू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, झोप आणि जागरण बेताचे असावे असे भगवंत सांगतात. तो उपदेश योग्याला आहे, तसाच विद्यार्थ्यालाही आहे. मुलाने माळ घातली असेल तर त्याची एकादशी त्याने पाळावी, पोटभर फराळ करून पाळावी. पण त्याच्या गुणांसाठी त्याच्यावर जादा उपवास लादू नयेत.

आणि एक मदत निरक्षर आजीलाही जमेल. पूर्वी पाठांतर करताना नवा पाठ घेण्याआधी कालचा पाठ म्हणून दाखवावा लागे. पोथी मिटून म्हणायला लागले की आपल्याला काय येत नाही ते कळे. आणि एखादा अभंग समजला की नाही, हे तर त्याचे निरूपण करायला उभे राहिल्यावरच कळते. म्हणून आजीने नातवाला म्हणावे, ‘बाळा, आज काय शिकलास ते मला सांग बरे.’ तो हृदयातून रक्त कसे फिरते ते सांगेल. जिथे अडखळेल तिथेच त्याचे कच्चे आहे. ते त्याचे त्यालाच उमजेल, आजीने बोट दाखवायची गरज नाही. सराव परीक्षेचा उपयोगही हाच आहे. त्या कागदावरचा आकडा पाहून घर डोक्यावर घेऊ नये. चूक कुठे झाली ते पाहण्यासाठीच तो कागद असतो.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. लातूरला म्हणा, कोट्याला म्हणा, सोळा-सतरा वर्षांची लेकरे घर सोडून खोली घेऊन राहतात, डब्याचे जेवतात, दिवसभर क्लासला बसतात. त्यांतल्या काहींनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. ‘आता आई-बापाला तोंड कसे दाखवू’ हा विचार कोवळ्या जिवाला खाली खेचतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न ‘किती मार्क पडले?’ हा नसावा. ‘जेवलास का?’ हा असावा. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणू लागले, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. जाऊन त्याला जवळ घ्या, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथे मराठीतही बोलता येते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. देहाच्या दुखण्याला वैद्य चालतो, तर मनाच्या दुखण्याला का चालू नये?

‘जागा नाही मिळाली तरी तू आमचाच आहेस’ हे वाक्य निकालानंतर बोलले तर ते सांत्वन होते. परीक्षेआधी बोलले तर तो आधार होतो. ते आधी बोलावे, आणि मनापासून बोलावे. मनात एक आणि ओठावर एक असेल तर लेकराला ते लगेच कळते. ज्याला वैद्यकीची जागा मिळाली नाही, त्याला औषधनिर्माण आहे, परिचर्या आहे, शेतकी आहे, शिक्षकी आहे. यांतले कोणतेच काम खालचे नाही. सावता माळ्याला मळ्यात आणि गोरोबांना मडकी घडवताना देव भेटला, असे कीर्तनात ऐकताना आपण मान डोलावतो. तीच मान आपल्या पोराच्या बाबतीतही डोलली पाहिजे.

पाहा, निकाल आणि वारी यांची गाठही कशी पडते. २०२४ साली नीटचा पहिला निकाल ४ जूनला लागला आणि माउलींच्या पालखीचे प्रस्थान २९ जूनला झाले. दर वर्षी तिथीप्रमाणे दिवस मागेपुढे होतात, पण निकालाचा आनंद किंवा दुःख उरात घेऊन चालणारे आई-बाप प्रत्येक दिंडीत असतात. एकाची पोर यादीत असते, दुसऱ्याची नसते. टाळ दोघांच्याही हातात असतो. दिंडीत मागे चालणाराही पंढरीला पोचतो. परीक्षेचे तसे नसते, हे मी जाणतो आणि ते लपवत नाही. जागा हुकलेल्या मुलाचे दुःख खरे असते. म्हणूनच त्याच्या आई-बापाशेजारी चालणाऱ्याने थोडे सांभाळून बोलावे. आपल्या पेढ्याचा पुडा त्यांच्यापुढे धरण्याआधी त्यांच्या लेकराची चौकशी करावी.

आणि नामदेव पायरीशी माथा टेकाल तेव्हा आपल्या लेकराचे नाव जरूर घ्या. त्याच्या पाठोपाठ, ओळखीचे असो वा नसो, आणखी एका लेकराचे नाव घ्या. मागणे आपोआप शुद्ध होईल.

रामकृष्ण हरि.