कोणती वही तरते?

गेल्या वर्ष-दोन वर्षांत धाराशिव जिल्ह्यात कीर्तनास गेलो असता एकाच तऱ्हेचा प्रश्न आम्हांस निरनिराळ्या माणसांनी विचारला. तो असा : ‘महाराज, रोज रात्री वही लिहिण्याची सवय आहे. मोबाइलवर लिहिता येते, पण हाताने लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातही वही अमुकच लागते, पेन तमुकच लागतो. दुकानात गेलो की चार पेन चालवून पाहिल्याशिवाय पाय निघत नाही. ही आसक्ती म्हणावी काय? आणि रोज स्वतःविषयी लिहीत बसणे हा अहंकार तर नव्हे?’

प्रश्न साधा दिसतो, पण तितका साधा नाही. विचारणारा मनापासून विचारीत असेल तर ‘चालायचेच’ म्हणून वाटेस लावणे बरे नव्हे. म्हणून पाठशाळेतल्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडू आणि मग त्याचा विचार करू.

पहिला पूर्वपक्ष असा की, वहीची मुळी गरजच काय? आपली परंपरा श्रवणाची. जे खरे पटले ते अंतःकरणात राहते; जे राहत नाही ते कागदावर असून तरी काय उपयोग?

यावर आमचे म्हणणे असे. नेवाशास ज्ञानेश्वर महाराज बोलले, आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ची ही गोष्ट. बोलणारा कितीही थोर असो, लिहिणारा हात नसता तर ते बोल त्या सभेबरोबरच उठून गेले असते. पुढे प्रतींवरून प्रती होता होता पाठ बिघडले, तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये पैठणास ग्रंथ शुद्ध केला. म्हणजे एका हाताने जपले, अनेक हातांनी बिघडवले, पुन्हा एका हाताने सावरले. आपल्या काळाजवळचे उदाहरण हवे असेल तर धुळ्याचा तुरुंग पाहावा. १९३२ साली तेथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आज घरोघर असलेली ‘गीता प्रवचने’ ती हीच. तेव्हा श्रवण आणि लेखन यांचे वैर नाही. हाताने लिहिणारा माणूस दुसऱ्यांदा ऐकत असतो, एवढेच.

दुसरा पूर्वपक्ष पेनाचा आणि वहीचा. लिहायचे तर कशानेही लिहावे. त्यात आवडनिवड म्हणजे जिभेचे चोचले तसे बोटांचे चोचले!

हे म्हणणे वरवर वैराग्याचे वाटते, पण आमच्या पूर्वजांना ते मान्य नव्हते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, लेखण्या आणि कागद कोणते बाळगावेत, इथपर्यंत त्यांनी सांगितले. आमच्या शेजारी आंबेजोगाईस दासोपंत होऊन गेले. सव्वा लक्ष ओव्यांचा गीतार्णव लिहिणारे ते. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे असे सांगतात. कागद पुरला नाही म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिला. शाई तरी कशी? दिव्याची काजळी धरायची, बाभळीचा डिंक घालायचा आणि घोटत बसायचे. बोरू तासायचा, टोकाला तिरका काप द्यायचा, मध्ये चीर पाडायची. लिहायला बसण्याआधीच निम्मे चित्त स्थिर होत असे! काजळीची ती शाई शेकडो वर्षे काळीभोर राहिली. आजची कित्येक रंगांची शाई उन्हात ठेवली तर काही वर्षांतच फिकी पडते.

सुतार वाकस निवडून घेतो, टाळकरी टाळ वाजवून पाहून घेतो, त्याला कोणी आसक्त म्हणत नाही. मग लिहिणाऱ्याने चार पेन चालवून पाहिले तर काय बिघडले? निवडताना मात्र कामाकडे पाहावे. पाझरणाऱ्या शाईचा पेन आवडत असेल तर कागद जाड घ्या, नाहीतर अक्षर मागच्या पानावर फुटते. दोऱ्याने शिवलेली वही चिकटवलेल्या वहीपेक्षा जास्त दिवस टिकते. आषाढी वारीला निघताना मात्र साधा बॉलपेन किंवा शिसपेन्सिल घ्यावी. पावसाची एक सर आली की फाउंटन पेनची शाई पसरते आणि दिंडीतली टिपणे निळ्या डागांची होऊन जातात.

मग आसक्ती कोठे सुरू होते? आमच्या समजुतीने तिच्या दोन खुणा आहेत. अमुक पेन सापडला नाही म्हणून आज लिहिले नाही, ही पहिली. वही इतकी सुंदर की तिच्यात लिहायला हात धजत नाही, ही दुसरी. कपाटात कोऱ्या वह्यांची चळत लागली आहे आणि लिहिलेली एकही नाही, असे झाले म्हणजे साधन धनी झाले आणि माणूस चाकर झाला. यापलीकडे पेनाच्या आवडीचा बाऊ करण्याचे कारण नाही.

आता तिसरा पूर्वपक्ष, आणि खरा कठीण तोच. रोज स्वतःविषयी लिहिणे चांगले की वाईट?

येथे तुकोबारायांच्या चरित्रातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली सर्वांना पाठ आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेरा दिवस तुकोबा अन्नपाण्याविना शिळेवर पडून राहिले आणि वह्या तरल्या अशी श्रद्धा आहे. दुसरी तिच्या आधीची. तुकोबांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. वाटणी करून धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी आपल्या हाताने इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. नदी तीच, कागद तसाच, शाई तशीच. अभंगांची वही लोकांनी बुडवायला लावली, ती वर आली. येणे-बाकीची वही तुकोबांनी आपण होऊन बुडविली, ती वर यावी असे कोणालाही वाटले नाही.

आमचे उत्तर या दोन वह्यांत आहे. रोजची वही लिहिताना आपण कोणती वही लिहितो आहोत, हे पाहावे. पुष्कळांच्या रोजनिशीत काय असते? अमक्याने लग्नात मान दिला नाही. भावाने बांध कोरला. सून उलट बोलली. सप्ताहात कीर्तनाचा दिवस दुसऱ्याला दिला. हे सारे तारीख-वार घालून नीट लिहिलेले असते. बाबांनो, ही सावकाराची वही झाली! येणे लिहून ठेवले आहे आणि रोज रात्री वाचून त्यावर व्याज चढते आहे. मुद्दल असते शंभराचे, वर्षाने पाहावे तो पाचशेचे वैर होऊन बसते. सावकाराच्या वहीने माणूस कसा पिचतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते काढून जाळली, ती काही कागदावर राग होता म्हणून नव्हे. मनातल्या सावकारीत फरक एवढाच, की तिथे कूळही आपणच असतो. पिचतो तो लिहिणारा.

यावर कोणी विचारील, आणि त्याने विचारावेच : ‘मग अन्याय झाला तर लिहूच नये काय? सोसावे आणि गप्प बसावे?’ नव्हे. असे सांगणारा धर्म दुबळ्याच्या कामाचा नाही. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई पाहा. तुकोबांवरील भक्तीपायी नवऱ्याचा मार त्यांनी खाल्ला, आणि आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तो लिहूनही ठेवला. ते लिहिले म्हणूनच साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या अंगावरचे वळ आज आपल्याला दिसतात. पण ते लिहिणे वसुलीसाठी नाही. ती साक्ष आहे. साक्ष आणि खते यांत भेद आहे. खते लिहिणारा म्हणतो, ‘हे मला परत मिळाले पाहिजे.’ साक्ष लिहिणारा म्हणतो, ‘हे घडले, पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये.’ अन्याय खुशाल लिहा, नाव-गाव-तारखेनिशी लिहा, जरूर तेथे चारचौघांत वाचून दाखवा. पण लिहिताना आपण साक्षीदार आहोत की सावकार, एवढे स्वतःस विचारा.

आम्ही आमच्या वहीचे पान दोन बाजूंचे करितो. डावीकडे आज काय मिळाले ते : कोणी सांगितलेला एखादा अर्थ, एखादी चाल, कोणाच्या घरची भाकर. उजवीकडे आपण कोणाचे काय देणे लागतो ते. येण्याचा रकाना ठेवीतच नाही. पाहायला गेले तर हीसुद्धा जमाखर्चाचीच वही, पण सावकाराची नव्हे, ऋणकोची.

वहीने माणूस सुधारला की नाही, हे कसे कळावे? त्याची कसोटी आमच्या जिल्ह्यातच आहे. तेरणेच्या काठी तेर गावी गोरोबाकाका झाले. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने त्यांना, यांतली मडकी कच्ची किती, पक्की किती, ते पाहा म्हटले, आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. बाकीचे शांत राहिले, नामदेवराय रागावले. तेव्हा हे मडके कच्चे ठरले. ही कथा सारे जण सांगतात, पण आपल्या डोक्यावर थापटणे कोण मारून घेणार? गावात गोरोबाकाका नसले तर वर्षापूर्वीची वही काढून वाचावी. जुन्या पानावरचा राग वाचून आजही तेवढाच राग आला, तर मडके कच्चे. हसू आले, किंवा त्या माणसाची बाजू दिसली, तर थोडी भट्टी लागली म्हणायची. मोबाइलवरचे लिहिणे माणूस पुसून गुळगुळीत करतो. शाईने लिहिलेले खोडले तरी खोडलेले दिसते. हाताच्या वहीचा हा गुण आम्हांस मोठा वाटतो.

एक शेवटची गोष्ट राहिली. लेखणी आणि पोथी परक्या हाती देऊ नये, गेली की गेलीच, अशा अर्थाचे एक सुभाषित पाठशाळेत मुखोद्गत करून घेत. कीर्तनकारांत ते फार मनावर घेतलेले दिसते! चाली, दृष्टांत, दुर्मिळ अभंग वहीत उतरवायचे आणि वही पेटीत कुलूप लावून ठेवायची. माणूस जातो, पेटी उघडते आणि वही रद्दीत जाते. संताजी जगनाडे यांनी असे केले असते तर? ते तुकोबांचे टाळकरी, धंद्याने तेली. त्यांच्या घराण्याने वह्या जपल्या, आणि त्यांवरूनच विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा गाथा छापला. निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, आमच्या भागात वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई. तेव्हाही मराठी टिकली ती पुष्कळशी घराघरांतल्या पोथ्यांत आणि फडांच्या वह्यांत. ज्यांनी उतरवून घेऊ दिले, त्यांची विद्या राहिली. तेव्हा वहीवर नाव, गाव, तिथी लिहा, आणि आपल्यामागे ती कोणाला द्यायची, हे घरात सांगून ठेवा.

पेनाचेही तसेच. अलीकडे ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला बाबासाहेब आंबेडकरांना हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ वाहावे, असे आवाहन केले जाते. जमलेल्या वह्या गरजू मुलांकडे जातात. आम्हांस ही प्रथा फार आवडली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही आणतो. त्याच सुमारास भूम, वाशी, कळंब, परंडा भागांतून कित्येक कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मुलांची शाळा मागे राहते. यंदा दुकानात चार पेन चालवून पाहाल, तेव्हा जो सर्वांत सुरेख चालेल तो, आणि एक शिवलेली वही, त्यांतल्या एखाद्या लेकराच्या पिशवीत घाला. आपल्याला दुसरा पेन चालेल.