गरम पिस्टन आणि समत्व

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाच्या दोन व्याख्या अगदी जवळजवळ येतात. ४८ व्या श्लोकात योग म्हणजे समत्व, तर ५० व्या श्लोकात योग म्हणजे कर्मातले कौशल. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? शंकराचार्यांनी कौशलाचा अर्थ समत्वाकडेच वळवला: एरवी बांधून ठेवणारे कर्म समबुद्धीमुळे बांधेनासे होते, हेच कौशल. या अर्थात कारागिरीला जागा उरत नाही. मला मात्र वाटते, कारागिरी वगळली तर समत्वही नुसता शब्द होऊन राहते. याचा दाखला घरातल्या छोट्या लेथवर मिळतो.

घरी लहान इंजिने घडवण्याचा छंद इंग्लंडमध्ये जुना आहे. त्याला वाहिलेले ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली सुरू झाले. अशा इंजिनांत एक प्रकार चिमुकल्या डिझेल इंजिनाचा. त्याच्या पिस्टनला बहुधा रिंगा नसतात. बिडाचा पिस्टन पोलादी सिलिंडरमध्ये लॅपिंग करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून, बसवतात. फट उरते ती मोजक्या मायक्रॉनची. ती वाढली की हवा गळते, दाब चढत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. आता घासताना पिस्टन तापतो, हातात धरला तरी तापतो. २० मिलिमीटर व्यासाचे बीड दहा अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे दोन मायक्रॉन फुगते. तेव्हाच मायक्रोमीटर लावला तर माप मोठे दिसते. करणारा आणखी थोडे घासतो, आणि गार झाल्यावर पिस्टन सैल निघतो. निघालेला धातू परत लावता येत नाही. मायक्रोमीटर बरोबर होता, हातही सराईत होता, थांबायला हवे हेही ठाऊक होते. पण इंजिन आजच फिरताना पाहायचे होते, आणि त्या घाईत गरम पिस्टनचा आकडा खरा मानला गेला. फळाची ओढ आधी नजर बिघडवते, मग काम. म्हणून समत्व हे कामानंतर मिळणारे समाधान नाही. माप नीट वाचता यावे यासाठी ते आधीच लागते. दोन्ही व्याख्या इथे एक होतात.

कोणी म्हणेल, इंजिन चालावे ही इच्छाच नसेल तर ते घडवील कोण? इच्छा असतेच, असावीही. ती मोजण्याच्या क्षणी मध्ये येऊ नये, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: तिजोरी फोडणाऱ्याचाही हात स्थिर असतो. हे खरे आहे. काय करावे हे समत्व एकटे सांगत नाही. ते धर्मविचारानेच ठरवावे लागते. माझा दावा एवढाच, की चांगल्या हेतूलाही ही स्थिरता लागते, आणि ती प्रत्यक्ष कामात कसाला लागल्यावाचून आहे की नाही हे कळत नाही. आसनावर बसून मन शांत झाल्याचा भास होऊ शकतो. सैल पिस्टन असा भास टिकू देत नाही.

उरतो लोकसंग्रह, म्हणजे लोकांच्या हितासाठी कर्म करणे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मयोगाला तो अनिवार्य मानला, आणि कपाटात ठेवायच्या इंजिनाचा लोकांना काय उपयोग, हा प्रश्न त्या बाजूने रास्तच आहे. पण याच छंदातले एक रचनाकार एडगर वेस्टबरी यांनी आपल्या छोट्या पेट्रोल इंजिनांची रेखाटने मापांसह आणि कृतीसह छापली, म्हणून साधा लेथ असलेल्या कितीतरी अनोळखी माणसांना ती घडवता आली. एवढ्याला लोकसंग्रह म्हणता येईल असे मला वाटते. कोणालाच काही न सांगता कपाटात बंद केलेल्या इंजिनाच्या बाजूने मात्र माझ्यापाशी उत्तर नाही.