शिक्षा वाढली, पुराव्याचं काय?

खून तो खून. मारणाऱ्याच्या डोक्यात पैसा होता की राजकारण, यानं मेलेल्याला काय फरक पडतो? मग दहशतवादाला वेगळी, वाढीव शिक्षा का?

मला ती तत्त्वतः पटते. 11 जुलै 2006च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले. लक्ष्य डब्यातली ठरावीक माणसं नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पकडणारा प्रत्येक जण लक्ष्य होता. गुन्ह्याचा आवाका मोठा, म्हणून शिक्षाही मोठी. इथवर ठीक.

अडचण पुढे आहे. आपले कायदे फक्त शिक्षा वाढवून थांबत नाहीत. 'मोक्का'खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो. एरवी तो ग्राह्य नसतो. 'यूएपीए'त आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो. 'निःसंशय सिद्धता' हा निकष कागदावर तसाच राहतो. त्याच्यापर्यंत जाणारी दारं मात्र रुंद होतात.

माझ्या धंद्यात उलटा नियम आहे. साधी फाइल एका क्लिकवर उडवता येते; ग्राहकांचा अख्खा डेटाबेस पुसायचा तर दोघांची मंजुरी लागते. जे परत आणता येत नाही, तिथे तपासणी वाढते.

यावर उत्तर येतं : कट गुप्त असतात, साक्षीदार घाबरतात, पुरावा मिळणं अवघड. खरं आहे. पण पुरावा मिळणं अवघड असल्यानं चुकीची किंमत कमी होत नाही. त्याच स्फोटांच्या खटल्यात 2015मध्ये विशेष न्यायालयानं 12 जणांना दोषी ठरवलं, 5 जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. त्यातला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश तिथून आला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत जावं लागलं नाही.

या सगळ्यात स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं? 19 वर्षांनी 'मग केलं कोणी?' हा प्रश्न. सैल पुरावा आरोपीवर अन्याय करतो, हे आपण ऐकतो; तो पीडितांनाही फसवतो, हे कमी बोललं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे : शिक्षा वाढवा, पण जिथे फाशी किंवा जन्मठेप मागायची आहे, तिथे पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहा.